जुन्या बंदुकीची माशी बदलण्यापूर्वी



पीक संरक्षणाच्या बैठकीत रानडुकरांचा विषय निघाला की त्याच्या मागोमाग आणखी एक विषय हमखास निघतो. कोणाच्या तरी घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची बंदूक असते. कोणाची ठासणीची, कोणाची दुनळी, तर एखाद्या जुन्या वाड्यात गोऱ्या पलटणीच्या काळातली रायफल. बैठक संपल्यावर मंडळी बाजूला घेऊन विचारतात, "साहेब, बंदूक तशी खणखणीत आहे. फक्त पुढची माशी कुणीतरी भलतीच बसवली आहे. गावातल्या वेल्डरकडून नवी बसवून घेतली तर चालेल ना?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. का नाही, मग काय करावं, आणि करूच नये असं काय आहे, हे नीट समजून घ्यायला हवं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुकड्यासाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो, आणि घराण्याची जुनी वस्तू कायमची बिघडू शकते. म्हणून आज खतं-बियाणं बाजूला ठेवून या माशीबद्दल बोलू.

माशी म्हणजे पुढची खुंटी

आपण रानात सरळ रेघ कशी धरतो? दोन खुंट्या ठोकतो आणि मागच्या खुंटीवरून पुढची खुंटी बघत नजर लांब नेतो. पुढची खुंटी चार बोटं सरकली, तर जवळ काही कळत नाही, पण शेताच्या दुसऱ्या टोकाला रेघ हातभर चुकते. बंदुकीचंही तसंच आहे. डोळ्याजवळची खाच ही मागची खुंटी आणि नळीच्या तोंडाशी असलेली माशी ही पुढची. खाचेतून माशी आणि माशीवरून निशाण, अशी तिन्ही एका रेषेत आली की नेम धरला.

आता हिशेब करून पाहा. खाच आणि माशी यांच्यात ७५ सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. माशी मूळ उंचीपेक्षा ३ मिलिमीटर ठेंगणी बसली आहे. ५० मीटरवर गोळी किती चुकेल? ५० मीटर म्हणजे ७५ सेंटीमीटरच्या सुमारे ६७ पट. म्हणून चूकही ६७ पट होते. ३ मिलिमीटरची चूक ५० मीटरवर २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर होते. १०० मीटरवर ती ४० सेंटीमीटर होते. माशी नुसती १ मिलिमीटर डावी-उजवीकडे असली, तरी ५० मीटरवर गोळी साडेसहा सेंटीमीटर बाजूला जाते.

चूक कोणत्या दिशेला होते, तेही ध्यानात ठेवा. माशी ठेंगणी असली की नेम धरताना नळीचं तोंड नकळत वर उचललं जातं आणि गोळी वर जाते. माशी उंच असली की तोंड खाली जातं आणि गोळी खाली लागते. माशी उजवीकडे कलली असली, तर तोंड डावीकडे वळतं आणि गोळी डावीकडे जाते. म्हणून जाणकार कारागिराचा साधा नियम असा: चूक जिकडे, माशी तिकडे. गोळी वर जात असेल तर माशी उंच करायची, डावीकडे जात असेल तर माशी डावीकडे सरकवायची. ऐकताना उलटं वाटतं, पण दोन खुंट्या ठोकून बघा, पटेल.

छर्ऱ्याच्या बंदुकीत मात्र मागची खाच बहुधा नसतेच. तिथं आपला डोळाच मागची खुंटी असतो आणि पुढचा पितळी मणी फक्त रोख दाखवतो. छर्रे पसरत जातात, त्यामुळे मण्याच्या अर्ध्या मिलिमीटरनं फारसं बिघडत नाही. दुनळीचा बार चुकत असेल, तर बऱ्याच वेळा दोष मण्याचा नसतो. दस्ता खांद्याला नीट बसत नसतो किंवा गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकत असतो. तिथं मणी बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मूळची की नंतरची, कसं ओळखावं?

माशी बदललेली आहे हे ओळखायचं, तर आधी नळी मोजा. गोष्ट विचित्र वाटेल, पण खरी मेख तिथंच असते. इंग्रजांच्या पायदळाची १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड, म्हणजे १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असलेली रायफल, तिची नळी ३९ इंचांची होती आणि ती लाकडाला तीन पट्ट्यांनी बांधलेली असे. आपल्या हातातली नळी ३० इंचांची भरली आणि पट्ट्या दोनच निघाल्या, तर ती एक तर आखूड नमुन्याची आहे किंवा कधीतरी शिकारीसाठी कापलेली आहे. नळी पुढून कापली की तिच्याबरोबर मूळ माशीही जाते. मग कारागीर उरलेल्या टोकावर नवी माशी किंवा पितळी मणी बसवतो. आपण ज्याला 'भलतीच माशी' म्हणतो, तिची गोष्ट पुष्कळदा ही असते.

या एन्फिल्डच्या माशीचं आणखी एक काम होतं. नळीच्या तोंडावर जी संगीन चढवत, ती माशीच्याच ठोकळ्याला अडकून राहायची. म्हणून तो ठोकळा चांगला जाड आणि चौकोनी असतो. त्या जागी बारीक मणी किंवा पातळ पत्रा दिसला, तर तो नंतरचा समजावा. पुढे याच रायफलींची मागची बाजू कापून त्या मागून काडतूस भरण्याजोग्या केल्या गेल्या. त्यांना स्नायडर म्हणतात. त्यांची पुढची बाजू बहुतेक एन्फिल्डसारखीच राहिली. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्रीला खालून दांडा ओढून उघडतात आणि तिची नळी ३३ इंचांच्या आसपास असते.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती दिसायला एन्फिल्डसारख्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. त्यांची मागची खाचही साधी, न हलणारी ठेवली. म्हणून 'एन्फिल्ड आहे पण आत पेच नाहीत आणि मागची शिडी नाही', एवढ्यावरून बंदुकीत कुणी मोडतोड केली असा निष्कर्ष काढू नका. ती जन्मतःच तशी असू शकते.

याशिवाय डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. माशीच्या बुडाशी झाळलेल्या कथलाचा पांढरा किंवा पितळेचा पिवळा ओघळ आहे का? नळीचा रंग जुना काळपट आणि माशी मात्र उजळ आहे का? आजूबाजूला कानशीचे ओरखडे आहेत का? बुजवलेलं जुनं भोक किंवा रिकामी खाच दिसते का? वरून पाहिल्यावर माशी मागच्या खाचेशी सरळ येते की कलते? भिंगातून पाहा आणि वहीत नोंद करा. घोड्याशेजारच्या पत्र्यावर मुकुट, 'व्ही आर' ही अक्षरं, 'टॉवर' किंवा 'एन्फिल्ड' हे शब्द आणि साल कोरलेलं असेल, तर तेही उतरवून घ्या.

सगळ्यात आधी: बार भरलेला तर नाही?

वरची तपासणी करण्याआधीची ही गोष्ट आहे आणि तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे. ठासणीच्या जुन्या बंदुकीत बार भरलेला राहून जाणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. आजोबांनी रात्री बार ठासला, जनावर आलं नाही, बंदूक खुंटीला गेली आणि पुढं आजोबाच गेले. काळी दारू कोरडी राहिली, तर पन्नास वर्षांनीही पेटते. अशा नळीवर वेल्डिंगची ठिणगी पडली तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून बंदुकीचं तोंड माणसांपासून आणि घरापासून दूर, मोकळ्या बाजूला धरा. चापाला बोट लावू नका. आपला चेहरा आणि हात तोंडासमोर आणू नका. लाकडी गज बाजूनं धरून हळूच नळीत सोडा, ठोकू नका. तो टेकला की तोंडाशी खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेनं लावून पाहा. गजाचं टोक मागं टोपी बसवायच्या जागेपर्यंत पोचलं, तर नळी रिकामी असण्याची शक्यता आहे. दोन-चार बोटं अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. ते काढण्याची हौस स्वतः करू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि परवानाधारक कारागिराकडूनच ती मोकळी करून घ्या. लहान मुलांना तर त्या खोलीत फिरकू देऊ नये.

कायदा काय म्हणतो?

आता मुद्द्याची गोष्ट. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना असल्याशिवाय कोणालाही बंदूक बनवता, विकता, बदलता, दुरुस्त करता किंवा चाचणी घेता येत नाही. माशी बसवणं ही दुरुस्तीच आहे. गावातला लोहार कितीही हुशार असला आणि वेल्डरचा हात कितीही साफ असला, तरी त्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नाही. त्यानं हात लावला की तो गुन्हेगार ठरू शकतो आणि काम देणारा त्याच्याबरोबर अडकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पन्नास-शंभर रुपयांच्या वेल्डिंगसाठी ही जोखीम कोण घेणार?

कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाही गुन्हा आहे. 'टोक फाटलं आहे, चार बोटं कापून तिथं नवी माशी लावू' असं कोणी सुचवलं, तर त्याला हात जोडा. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा क्रमांक, नाव किंवा खूण खरवडणं, पुसणं किंवा बदलणं यालाही बंदी आहे. गंज काढण्याच्या नादात क्रमांक घासला गेला, तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

"पण आमची बंदूक शंभर-दीडशे वर्षांची आहे, तिला कसला परवाना?" असं बरेच जण म्हणतात. इथं गफलत होते. कलम ४५ मध्ये जुनाट नमुन्याच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी. पण ते हत्यार दुरुस्त करूनही किंवा न करताही चालण्याजोगं नसावं, ही तिला जोडलेली अट आहे. नुसती जुनी आहे किंवा आज बंद आहे एवढं पुरत नाही. साफसूफ केल्यावर, टोपी लावल्यावर ती उडणार असेल, तर ती कायद्यानं बंदूकच. तिला परवाना हवा. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २ ते ५ वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे. आपली बंदूक या सुटीत बसते की नाही, हे आपण किंवा गावातल्या जाणत्यानं ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखी घ्यावं.

शोभेची म्हणून ठेवलेली बंदूक दुरुस्तीला नेतानाही विचार करा. जी 'चालत नाही' म्हणून घरात आहे, तिला आपणच चालती करायला निघालो, तर सुटीचा आधार कुठं राहिला?

काम करून घ्यायचं, तर कसं?

परवाना आहे, बंदूक वापरातली आहे आणि माशी खरोखरच चुकीची आहे, तर परवानाधारक दुरुस्ती दुकानात बंदूक परवान्यासकट घेऊन जावं. काम कारागीर करील, पण काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं. इंजिनाच्या मेस्त्रीसमोर आपण नुसतं उभं राहत नाही, तसंच हे.

पहिलं विचारा, आत्ताची माशी कशानं बसवली आहे? खाचेत ठोकून बसवलेली असेल, तर ती पितळी किंवा तांब्याच्या ठोकणीनं हळूहळू बाजूला सरकवून काढता येते. नळीला इजा होत नाही आणि हवी तेव्हा परतही बसवता येते. सुताराच्या कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्याची ही पद्धत सर्वांत चांगली. कथलानं झाळलेली असेल, तर सुमारे १८० ते २०० अंशांवर ती सुटते. पितळेचा डाग दिलेला असेल, तर त्याला फार जास्त उष्णता लागते आणि तिथं घाई करू नये.

दुसरं सांगा, वीज-वेल्डिंग करायचं नाही. जुन्या नळ्या आजच्या पोलादाच्या नसतात. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेल्या आहेत. अनेक दुनळ्यांच्या मधल्या पट्ट्या कथलानं चिकटवलेल्या असतात. वेल्डिंगची आच लागली की कथील वितळतं आणि पट्टी उचलते. माशी बसते, पण बंदूक जाते.

तिसरं, नवी खाच पाडायची असेल, तर तिथली नळीची जाडी आधी मोजून घ्यायला सांगा. तोंडाजवळ नळी बारीक होत जाते. खोल खाच पाडली, तर फाटण्याची जागा आपणच तयार करून ठेवतो.

चौथं, माशी थोडी उंचच ठेवून घ्या. उंच माशी कानशीनं उतरवता येते, ठेंगणी माशी वाढवता येत नाही. वापरातल्या रायफलीची चाचणी परवानाधारक कारागिरानंच, योग्य जागी घ्यावी. एका गोळीवरून काही ठरत नाही. टेकू देऊन तीन ते पाच गोळ्या मारायच्या, त्यांचा मध्य पाहायचा, आणि मग वर सांगितलेल्या हिशेबानं थोडं थोडं उतरवायचं. लष्कराच्या ली-एन्फिल्ड रायफलींसाठी माश्या निरनिराळ्या उंचीच्या बनत. दोन उंचींत फरक फक्त ०.०१५ इंचाचा, म्हणजे ०.३८ मिलिमीटरचा. प्रत्येक रायफल उडवून बघून तिच्याजोगी माशी निवडत. कारखान्यातून निघालेल्या रायफलीला एवढं जपावं लागत होतं, तर अंदाजानं ठोकलेल्या तुकड्याचं काय सांगावं?

पाचवं, आणि हे फार महत्त्वाचं. माशी नवी झाली म्हणून बंदूक नवी होत नाही. काळ्या दारूसाठी बनलेल्या जुन्या नळीत आजच्या बिनधुराच्या दारूची काडतुसं वापरू नयेत. नळी आणि मागचं कुलूप जाणकारानं तपासून 'चालेल' म्हटल्याशिवाय एकही बार उडवू नये.

परदेशात जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृतींचे सुटे भाग मिळतात हे खरं. पण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच धरले आहेत आणि आयातीला परवाना लागतो. कुणी 'पार्सलनं मागवून देतो' म्हणालं, तर फसू नका.

काढलेली माशी फेकू नका

बंदूक केवळ आठवण म्हणून ठेवायची असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: माशीला हात लावू नका. मूळची नसलेली माशीसुद्धा त्या बंदुकीच्या आयुष्याचा भाग आहे. पणजोबांनी नळी कापून घेतली, त्या काळच्या कारागिरानं पितळी मणी बसवला, हाही घराचा इतिहास आहे. आज तिथं नवा चकचकीत तुकडा लावला, तर बंदूक मूळची होत नाही. उलट जुनी खूण पुसली जाते आणि नवी खोटी खूण तयार होते. जाणकार माणूस अशा 'सजवलेल्या' बंदुकीला कमी मोल देतो.

बदलायचीच झाली, तर पुन्हा काढता येईल अशाच पद्धतीनं बदला. काढलेली माशी छोट्या डबीत घालून बंदुकीजवळ ठेवा. कधी काढली, कोणत्या दुकानात काढली आणि पावतीचा क्रमांक काय, हे चिठ्ठीवर लिहा. आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा. पुढच्या पिढीला हे कामाला येतं.

साफसफाई करतानाही संयम ठेवा. चिंच, विटकरीची पूड, सँडपेपर, बफिंगचं चाक यांतलं काहीही लावू नका. मऊ फडक्यावर दोन थेंब यंत्राचं हलकं तेल घेऊन पुसणं पुरेसं आहे. पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आत गंज चढतो.

शंभर वर्षांवरच्या वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ लागू होऊ शकतो. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरी आलेला दलाल 'बाहेर चांगला भाव आहे' म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. जुनी शस्त्रं पाहायची, समजून घ्यायची असतील, तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहून या.

परवानाधारक वारला तर?

घरातला परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. मग वारसानं जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करावा. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, तर हयातीतही वारस नेमून अर्ज करता येतो. म्हाताऱ्या माणसांनी हे काम हात-पाय चालतात तोवर उरकावं. २०१९ पासून एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, वडिलोपार्जित असल्या तरी. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे, तेव्हा नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

निवडणुकीच्या वेळी पोलीस सांगतील तेव्हा बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. त्या वेळी पावतीवर क्रमांकाबरोबर 'पुढची माशी आहे, मागची खाच आहे, गज आहे' असं लिहून घ्यायला सांगा. ठेवताना-काढताना लागलेल्या धक्क्यानं जुन्या माश्या निखळतात. मग 'आमच्याकडे आली तेव्हा नव्हतीच' असा वाद होतो. एका ओळीनं तो टळतो.

पीक राखणीची बंदूक

शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यातच सांगितलेला आहे. ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडच्या वाचकांना हे परवाने ओळखीचे आहेत. पण बंधूंनो, हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. रानडुक्कर, नीलगाय यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. उभ्या पिकाला धोका होत असेल, तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश हातात नसताना नेम कितीही अचूक असला, तरी गुन्हाच होतो. नुकसान झालं की वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्या. भरपाईची वाट तीच आहे.

रात्री रानात बार टाकणाऱ्यानं आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. ज्वारीत हललेलं प्रत्येक काही डुक्कर नसतं. पाणी द्यायला आलेला शेजारीही बॅटरी विझवून उभा असतो. चुकीच्या माशीची वीतभर चूक आणि अंधार, दोन्ही एकत्र आले की काय घडतं, ते दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं.

पोलीस पाटील आणि सरपंचांना विनंती

आपल्या गावात कोणाकडे जुनी बंदूक आहे, हे आपल्याला बहुधा ठाऊक असतं. माणूस घाबरून ती आडात टाकतो, नाहीतर परसात पुरतो. तसं होऊ देऊ नका. त्याला बसवून सांगा, अर्ज कोणाकडे करायचा ते दाखवा, पोलीस ठाण्यात जमा करताना सोबत जा. गावातल्या लोहार-वेल्डरलाही एकदा समजावा: बंदुकीची नळी, चाप, घोडा किंवा माशी घेऊन कोणी आलं, तर 'हे काम माझं नाही' एवढंच म्हणायचं. बिचारा ओळखीखातर काम करून बसतो आणि जामीन शोधत फिरतो.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी बार भरलेला नाही ना ते पाहा, मग कागद पाहा, मग नळी मोजा, आणि सगळ्यात शेवटी माशीकडे वळा. पहिल्या तीनपैकी एकही गोष्ट अडली, तर चौथीला हात लावायचं कारणच नाही. परवान्याचे कागद घरात शोधायला लागतील, तेव्हा पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, येत्या मोकळ्या रविवारी ट्रंक उघडा.